हेल्मी कांगासची परसवाट

घर बघायचं तर मागून बघावं, असं हेल्मी कांगास म्हणते. पुढून सगळीच घरं लग्नाला निघाल्यासारखी नटलेली असतात. दाराला ताजा रंग, पायरीवर फुलांची कुंडी, पायपुसण्यावर 'या, बसा'. मागे गेलं की कळतं आतली माणसं कशी राहताहेत. हेल्मी अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या आमच्या डुलुथमध्ये गेली चाळीसएक वर्षं घरं विकतेय. वय सत्तरीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याएवढी, डोक्यावर बारा महिने लोकरीची लाल टोपी. इथले फिनिश, म्हणजे मूळचे फिनलंडचे, लोक तोंड उघडायला पैसे पडतात असं वागतात, पण हेल्मीच्या वाट्याला अख्ख्या घराण्याचा आवाज आला असावा. ती टेकडीच्या माथ्यावर हसली की खाली तळ्याकाठी माझ्या बेकरीत ऐकू येतं.

बेकरीही मला तिनंच मिळवून दिली. नवऱ्याच्या नोकरीपायी मी वाईहून इथं आले तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. पण इथल्या गोड पावात वेलची लागते, आणि भरपूर लागते. म्हातारा बेकरीवाला दुकान विकायला निघाला होता. हेल्मी मला त्याच्यापुढे उभी करून म्हणाली, "हिनं सकाळी वेलची कुटलीय. हिच्या हाताचा वास घे." त्यानं खरंच घेतला, आणि व्यवहार ठरला. आता बोला, अशी एजंट कुठं बघितलीत?

तर तिची ती मागून बघायची पद्धत. टर्नरच्या ओढ्याची घळ टेकडीवरून थेट तळ्यापर्यंत उतरते आणि घळीतून ट्रेल, म्हणजे पायी फिरायची वाट, जातो. दोन्ही काठांवरच्या घरांची परसदारं घळीकडे. प्रत्येक घरातून ट्रेलपर्यंत एक बारकी वाट गेलेली असते. ती कुणी आखत नाही, खोदत नाही. रोजच्या जाण्यायेण्यानं पडते. मी तिला परसवाट म्हणते. हेल्मीचं म्हणणं असं, की परसवाट मळलेली असली तर त्या घरात सगळं ठीक आहे. माणसं जेवून फिरायला निघतात, कुत्रं हिंडवतात, भांडण झालं तरी बाहेर पडून राग घालवून परत येतात. ती हलणार नाहीत. वाट गवतात बुजली की समजावं, घरातून कुणीतरी मनानं निघून गेलंय. वर्षाच्या आत पुढच्या अंगणात 'विकणे आहे'ची पाटी लागते.

कधीकधी ती सपशेल आपटतेही. सारी आडनावाच्या बंधूंची वाट बुजलेली बघून तिनं चारचौघांत सांगितलं होतं, घर निघालंच म्हणून. निघालं काही नाही. दोघा भावांचं भांडण झालं होतं, आणि परसदारी गाठ पडू नये म्हणून दोघेही पुढच्या दारानं ये-जा करत होते. थोरला भाऊ अजूनही तिला बघितलं की विचारतो, "काय मग, विकलं का आमचं घर?"

दर जानेवारीत शहरातले एजंट एका हॉटेलात नाश्त्याला जमतात. बँकेचा माणूस पडद्यावर रंगीत रेघा दाखवतो आणि वर्षभरात बाजार कसा जाईल ते सांगतो. हेल्मीही जाते, अंडी दोनदा वाढून घेते, आणि म्हणते, "बर्फाखालचं त्याला काय दिसतंय? ट्रेल उघडू दे." वसंतात बर्फ वितळतं तेव्हा चिखलात वाट उखडू नये म्हणून नगरपालिका ट्रेल बंद ठेवते. मे महिन्यात जमीन घट्ट झाली की एका सकाळी निरोप येतो, उघडला. त्या दिवशी अर्धं गाव कामाला दांडी मारतं. हेल्मी माथ्यापासून चालायला लागते, तिच्यामागे एजंट, घरं शोधणारी माणसं, कुत्री, पोरं. ती प्रत्येक परसवाट बघत खाली येते, आणि माझ्या बेकरीत कॉफी घेऊन आपलं भाकीत सांगते. जत्राच म्हणा.

यंदा मी त्या जत्रेची वाट देव पाण्यात घालून बघत होते.

माझी लेक गार्गी इथल्या इस्पितळात सुईण आहे. पदवी आहे, पांढरा कोट आहे, पण काम तेच, आमच्या आजीच्या गावातली सखूबाई करायची ते. जावई एरिक लुंड बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त करतो. बोलतो इतकं कमी, की लग्नात तो 'हो' म्हणाला तेव्हा त्याच्या आईला हुंदका आला. त्यांची लेक ओवी वर्षाची. भाड्याच्या मजल्यावर राहत होते, तो मालकानं विकायला काढला. जूनअखेर जागा सोडायची होती, आणि दुसरी मिळत नव्हती.

मिळणार कशी? तिकडे कॅलिफोर्नियात जंगलं पेटतात, फ्लोरिडात पाणी घरात शिरतं, मग लोक नकाशा उघडून थंड कुठं आहे ते शोधतात. थंड तर आम्ही आहोतच. पूर्वी आमच्या हिवाळ्याला नावं ठेवणारे आता घर न बघता, रोख मोजून, फोनवरून विकत घेतात. गार्गी-एरिकनं जिथं जिथं बोली लावली तिथं कुणीतरी वरचढ आकडा टाकून घर नेलं. शेवटी गार्गीनं ह्यूस्टनच्या एका इस्पितळाला अर्ज केला. त्यांनी लगेच बोलावलं. पगार दांडगा, घरं स्वस्त, उत्तर मेअखेरपर्यंत द्या म्हणाले. मला तिनं हे इतक्या गोडीनं सांगितलं की मी हातातली परात आपटली. नात ह्यूस्टनला वाढणार, वर्षातून एकदा भेटणार आणि मला बघून आईच्या मागे लपणार. मला हे मंजूर नव्हतं.

हेल्मी त्यांची एजंट. मी तिला बेकरीच्या मागच्या दाराशी गाठलं.

"हेल्मी, तू घर मिळवून द्यायचा शब्द दिला होतास."

"दिलाय. ट्रेल उघडू दे. टर्नरच्या घळीत एक तरी वाट बुजलेली सापडेल. पाटी लागायच्या आधी मी त्या दारात उभी राहीन."

"आणि नाही सापडली तर?"

"तर माझा परवाना घे आणि तुझ्या भट्टीत घाल," ती म्हणाली आणि अशी हसली की दारातली कबुतरं उडाली.

ट्रेल उघडला तो शुक्रवारी. सकाळी निरोप आला तेव्हा मी पावाच्या वेण्या घालत होते. मदतनीस बाईच्या हाती भट्टी सोपवली आणि पीठ लागलेल्या हातांनीच निघाले. माथ्यावर ही गर्दी. तळ्यावर अजून धुकं होतं, श्वासाची वाफ दिसत होती, पण ऊन पडलं होतं आणि लोक शाळा सुटल्यासारखे खिदळत होते. एरिकच्या पाठीवर झोळीत ओवी. गार्गी रात्रपाळी करून थेट आलेली, डोळे लाल, पण चेहरा फुललेला. ती माझा दंड धरून म्हणाली, "आई, आज मिळणार. मला सारखं वाटतंय." माझ्यावर या वयात परीक्षेच्या निकालाला उभं राहायची वेळ यावी?

हेल्मी निघाली. खुब्याचं हाड गेल्या शरदात बदललेलं, हातात काठी, पण चाल अशी की आम्हीच मागे पडत होतो.

पहिलीच पीटरसनांची वाट. लख्ख मळलेली, वर टोकाला नवा बाक ठोकलेला. "बाक," हेल्मी म्हणाली. "हे आता इथंच मरणार." सगळे हसले. पुढच्या डॉक्टरीणबाईंच्या वाटेवर तीनचाकी सायकलच्या चाकांच्या खुणा. हेल्मीनं नुसती मान हलवली. त्यापुढे एका घरापासून तर दगडांच्या पायऱ्याच केलेल्या. सारी बंधूंच्या घरामागे आता दोन वाटा होत्या, दोन दारांतून निघालेल्या, एकमेकींना कुठंही न भेटता ट्रेलला मिळणाऱ्या. थोरला सारी मुद्दाम दारात उभा होता.

"काय हेल्मी, विकलं का?"

"तू आधी भावाशी बोल, मग मी तुझ्याशी बोलते," ती ओरडली.

असं करत आम्ही निम्मी घळ उतरलो, मग त्याहून जास्त. एकही वाट बुजलेली नाही. सगळीकडे ताजी माती, कुत्र्यांचे पंजे, पोरांनी टाकलेले मोजे. हिवाळाभर लोक घरात कुढत न बसता बर्फातले बूट चढवून हिंडले होते. दुसऱ्याच्या सुखाचा मला एवढा संताप याआधी कधी आला नव्हता. मी मनात म्हणत होते, अरे, कुणीतरी भांडा. कुणाची तरी बदली होऊ दे. गार्गीनं माझा दंड सोडला होता.

आणि मग ओढ्याच्या वळणावर ती वाट दिसली. म्हणजे दिसली नाही. जिथं असायला हवी तिथं रासबेरीची काटेरी झुडपं माजली होती, त्यांवर गेल्या वर्षीचा पाचोळा, मध्ये एक बर्चचं झाड आडवं पडलेलं. वर निळ्या घराची मागची भिंत, आणि परसात लाकडी ओंडक्यांची बुटकी जुनी खोली, धुराड्यासकट.

मिनियापोलिसहून नुकताच आलेला टकर नावाचा तरुण एजंट आमच्यात होता. तो हरखून पुढे धावला. "हेच! हेल्मी, हेच ना? इथून तर दोन-तीन वर्षं कुणी फिरकलेलं नाही. कुणाचं आहे हे?" त्यानं फोटोही काढला.

इथं अवघड वेळ आली की लोक हवेवर बोलतात. एक जण म्हणाला, धुकं दुपारपर्यंत राहणार. दुसरी म्हणाली, हो, वारा पूर्वेचा आहे ना. गार्गी माझ्याकडे बघत होती आणि मी बुटांकडे.

घर हेल्मीचं होतं.

ती काठीवर दोन्ही हात टेकून झुडपांकडे बघत उभी राहिली. मला वाटतं, ते तिनंही मागून बघितलं नव्हतं, आर्वो गेल्यापासून. आर्वो तिचा नवरा. त्याच्या हयातीत ती दोघं रोज संध्याकाळी याच वाटेनं खाली यायची. मागची दोन वर्षं ती या वळणावर पोचली की दुसऱ्या काठाकडे तोंड करून मोठ्यामोठ्यानं गप्पा मारत पुढे जायची. आम्हाला वाटायचं बोलायची हौस.

"माझं आहे ते," ती टकरला म्हणाली. "चला पुढे. पाव थंड होतील."

बेकरीत नेहमीसारखी गर्दी झाली, कॉफी ओतली गेली, वेलचीचा वास सुटला. हेल्मीनं टोपी काढली, परत घातली, आणि जाहीर केलं, "सगळे सुखात आहेत. यंदा टर्नरच्या घळीत एकही घर निघत नाही."

एरिकनं ओवीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. गार्गी म्हणाली, "ठीक आहे," आणि कपातली कॉफी ढवळत राहिली. साखर न घालता ढवळत होती. ते माझ्याच्यानं बघवेना.

"आणि ती रासबेरीवाली?" मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी देवळात चपला घालून शिरले. पण माझी जीभ सुटली की सुटली.

"माझं खुब्याचं हाड..." हेल्मी म्हणाली.

"हाड शरदात बदललं. हिवाळाभर तू मॉलमध्ये म्हाताऱ्यांच्या कळपाबरोबर गोल गोल फिरत होतीस. हाड बरं आहे. लोकांची सगळी परसदारं तुला दिसतात, आणि स्वतःचं दिसत नाही?"

"वैजा, पुरे."

"चार खोल्या वर, चार खाली. कुणासाठी झाडतेस?"

हेल्मीनं कप ठेवला आणि गेली. आमच्या गावात निरोप घ्यायचा म्हणजे अर्धा तास जातो. आधी मांडीवर थाप मारून 'चला मग' म्हणायचं, मग दारात उभं राहून नव्यानं बोलणं काढायचं, मग गाडीच्या खिडकीतून, मग गाडी चालू करून. हेल्मी एका दमात गेली. लोकांना माझ्या बोलण्यापेक्षा त्याचाच धक्का जास्त बसला.

पुढच्या आठवड्यात हेल्मीच्या पायरीवर झाकलेली भांडी येऊ लागली. नूडल घातलेली, मक्याची, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे रचून भाजलेली. मयताच्या घरी इथं जे पाठवतात ते सगळं. प्रत्येक भांड्याखाली एजंटाचं कार्ड. 'सहज आठवण आली.' तिचीच विद्या शिकून तयार झालेली ही मंडळी, आणि तिच्याच वाटेवर टपून बसलेली. टकरनं भांडं पाठवलं नाही, तो स्वतः आला. त्याचा एक अशील कॅलिफोर्नियात बसून फोटोवरच भाळला होता. आकडा त्यानं असा सांगितला म्हणे, की हेल्मीला पायरीवर बसावं लागलं.

मला हे सगळं गावाकडून कळत होतं, तिच्याकडून नाही. ती बेकरीत आली नाही, मीही गेले नाही. मी चुकीचं बोलले नव्हते, फक्त चारचौघांत बोलले होते. मग शनिवारी दुपारी तिचा फोन आला. "साउना तापवलाय. ये." आणि फोन ठेवला.

आता हे बोलावणं नाकारता येत नाही. इथं भांडण मिटवायचं ते साउनात. त्या उष्णतेत माणसाला खोटं सुचतच नाही. मी टॉवेल घेऊन गेले. साउना म्हणजे वाफेनं आंघोळ करायची जागा, तीच परसातली ओंडक्यांची बुटकी खोली. आत तापलेले धोंडे, पायरीपायरीची फळी, बाहेरच्या अर्ध्या भागात कपडे बदलायला जागा, छोटी चूल, खिडकी. आम्ही टॉवेल गुंडाळून फळीवर बसलो. हेल्मीनं डावानं धोंड्यांवर पाणी घातलं. वाफ अशी आली की माझे कान पोळले.

तिनं आणखी एक डाव पाणी घातलं. मग म्हणाली, "तू बरोबर होतीस. मोठ्यानं होतीस, पण बरोबर होतीस."

"मोठ्यानं बोलायला तुझ्याकडूनच शिकले."

"आर्वो गेल्यावर मी मागचं दार उघडलंच नाही गं. पुढून निघते, गाडीत बसते, लोकांच्या घरी जाते. तिथं बरं वाटतं. परत आले की दिवे लावायलाही नको होतं."

"मग विकून टाक."

"आणि जाऊ कुठं? त्या मॉलशेजारच्या इमारतीत? लिफ्ट, गालिचे आणि रोज चार वाजता पत्ते? मी जन्मले ती घळीच्या काठावर. तिथं मला मागचं दारच नसेल, वैजा. कुणाचं काय बघू मी?" तिचा आवाज चिरका झाला. आर्वोच्या मयतालाही मी तिला रडताना बघितलं नव्हतं.

माझा जीव तुटला, पण मला जीव तुटला की रागच येतो. मी इकडेतिकडे बघितलं. ती जुनी चूल, ती खिडकी, ती रुंद फळी. हेल्मीच्या आजोबांची गोष्ट मला पाठ होती, तीच सांगायची. जंगल तोडून फिनिश माणसं इथं वसली तेव्हा घर बांधायच्या आधी साउना बांधायची. घर होईपर्यंत त्यातच राहायचं, स्वयंपाक तिथं, आंघोळ तिथं, बाळंतपणही तिथं. हेल्मीचे वडील या फळीवर जन्मले होते.

"तुझ्या आजोबांनी या खोलीत दोन हिवाळे काढले," मी म्हणाले. "बायको, पोरं, वर एक शेळी. आणि तुला एकटीला जागा पुरत नाही?"

हेल्मीच्या हातातला डाव तसाच राहिला. पाणी टपटप तिच्या पायावर पडत होतं, तिला पत्ता नव्हता.

"शेळी नव्हती," ती सावकाश म्हणाली. "कोंबड्या होत्या."

मग ती उठली. टॉवेल सावरत बाहेरच्या भागात गेली, भिंतीला हात लावला, खिडकीची उंची बघितली, पावलांनी लांबी मोजली. "इथं पलंग. मोरीचा नळ घरातून आणता येईल. चूल आहेच." तिच्या तोंडून शब्द धावत सुटले होते. "वैजा, या खिडकीतून पूर्ण घळ दिसते." चाळीस वर्षं ती हेच बोलून इतरांना घरं विकत आली, आज स्वतःला विकत होती. मी ओलीचिंब, भाजलेली, आणि हसू की रडू मला कळत नव्हतं.

पण ती माझ्या लेकीला घर फुकट देणारी नव्हे, आणि गार्गीही घेणारी नव्हे. हेल्मीचा एक नियम होता. विकणाऱ्यांना ती नेहमी सांगायची, सगळ्यात मोठी बोली घ्या. खरेदीदारांनी लिहिलेली 'आम्हाला तुमचं घर फार आवडलं' छापाची गोड पत्रं ती न वाचता परत करायची. जीव लावायचा तर माणसांना लावा, कागदांना नको. स्वतःच्या घरापायी नियम मोडणं तिला शक्य नव्हतं. तिनं गार्गी-एरिकला दुसरा एजंट बघून दिला आणि आपल्या घराचे कागद ऑफिसातल्या डोरीनच्या हाती सोपवले. बोली सोमवारी दुपारपर्यंत. कुणीही लावावी.

एक अट तिनं घातली होती. ती डोरीननं ठळक अक्षरांत छापली: विकणारी बाई परसातल्या साउनात मरेपर्यंत राहील.

सोमवारी हेल्मी सकाळपासून माझ्या बेकरीत कोपऱ्याच्या टेबलाशी बसली. डोरीन समोर, फोन मध्ये. मी पाव भाजत होते आणि तापलेले पत्रे उघड्या हातांनी उचलत होते. गार्गीला मी येऊ नको म्हणाले होते, ती आली होती. एरिक डेपोतून सुटी घेऊन आला होता, हातांना अजून तेल होतं. त्यांची बोली त्यांना झेपेल तेवढी, टकरच्या अशिलापेक्षा बरीच खाली. ते दोघांनाही माहीत होतं. त्याच दिवशी ह्यूस्टनला उत्तर द्यायचं होतं.

फोन वाजायला लागला. डोरीन ऐकायची, कागदावर एक रेघ मारायची. "अट समजल्यावर माघार घेतली." पुन्हा फोन. "हेही नको म्हणाले." आधी भांडी पाठवणारे सगळे एकेक करून गळले. परसात म्हातारी? मरेपर्यंत? छे. मी मनात हेल्मीला शंभर वेळा नमस्कार घातला. काय डोकं चालवलंन बाईनं. नियम मोडला नाही, आणि मैदान मोकळं करून घेतलं. तिच्याकडे बघून मी डोळाही मारला. तिनं बघितलं नाही. टोपी काढून पिळत बसली होती, पुढ्यातल्या पावाला हात लावलेला नव्हता.

दुपार व्हायला थोडा अवकाश असताना टकर आत आला. नव्या बुटांना चिखल लागलेला.

"माझे अशील विचारताहेत," तो अवघडून म्हणाला, "म्हणजे गैरसमज नको, पण साधारण... बाईंची तब्येत कशी असते?"

बेकरीत सगळे एकदम हवेवर बोलू लागले.

"माझी आई शंभरीला टेकून गेली," हेल्मी म्हणाली, "आणि तीही सफरचंदाच्या झाडावरून पडून."

टकर फोन घेऊन बाहेर गेला. काचेतून तो हातवारे करताना दिसत होता. एकदा आकाशाकडे बोट, एकदा आत हेल्मीकडे. गार्गीनं ओवीला इतकं घट्ट धरलं होतं की ती कुरकुरली. टकर परत आला, चार पाव मागितले, पैसे दिले आणि म्हणाला, "ते दुसरीकडे बघतो म्हणाले." मग डोरीनकडे वळून, "आमची माघार."

डोरीननं घड्याळ बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. काटा सरकला.

"एक बोली," डोरीन म्हणाली. "लुंड कुटुंब. अटीबद्दल त्यांनी खाली काहीतरी लिहिलंय." तिनं चष्मा लावला. "'अट मान्य. साउना दर शनिवारी तापवायचा, लाकडं एरिक फोडेल. बाईंना रात्री काही लागलं तर आमच्या खिडकीवर खडा मारावा.'"

"हे कुणी लिहिलं?" मी गार्गीला विचारलं.

तिनं एरिककडे बोट केलं. एरिक कानापर्यंत लाल झाला.

"सगळ्यात मोठी बोली स्वीकारली," हेल्मी उभी राहून म्हणाली, नेहमीच्या त्या आवाजात, आणि बेकरीत असा गलका झाला की भट्टीतले पाव काढायचं मी विसरले. थोडे करपले. ते लोकांनी तसेच खाल्ले. गार्गीनं तिथंच, पिठाच्या टेबलावर कोपर टेकून ह्यूस्टनला फोन लावला आणि हसत हसत नाही म्हणाली. डोरीन रडत होती. तिचा काही संबंध नसताना.

हेल्मी लोकांतून वाट काढत माझ्यापाशी आली.

"बये," मी म्हणाले, "काय युक्ती केलीस. सगळे पळाले की नाही?"

तिनं माझ्या एप्रनचं टोक धरलं. इतक्या वर्षांत तिला हळू बोलताना मी ऐकलं नव्हतं, त्यामुळे आधी कळलंच नाही. मी कान खाली नेला.

"युक्ती कसली गं," ती म्हणाली. "मला वाटत होतं, तुझी गार्गीही नको म्हणेल."

मी पिठाच्या हातांनी तिला जवळ घेतलं आणि तशीच उभी राहिले.